फुलीच्या खाचेचा स्क्रू

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी रात्री मी आयुष्यातली पहिली ऑनलाइन बोली लावली. वस्तू होती रेल्वेच्या गार्डाची हातबत्ती. पितळी, वर धरायची कडी, पोटात घासलेटचा दिवा आणि फिरवली की समोर येणाऱ्या लाल-हिरव्या काचा. फोटोखाली मजकूर होता : 'बार्शी लाइट रेल्वे. कंपनीच्या काळातली अस्सल वस्तू. एकच नग.' एवढं वाचल्यावर कुर्डुवाडीच्या माणसाला झोप लागत नाही.

आमचं गाव वाढलं ते रेल्वेमुळं. स्टेशनचं जुनं नाव बार्शी रोड. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रूळ टाकले आणि १८९७ साली गाडी सुरू केली. पुढं ती पंढरपूरला गेली, लातूरला गेली आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. १ जानेवारी १९५४ रोजी कंपनी सरकारनं घेतली, गाडी मध्य रेल्वेची झाली. लोकांच्या तोंडी मात्र ती 'बार्शी लाइट'च राहिली. माझे वडील, आबा, इथल्या कारखान्यात फिटर होते. ब्रॉडगेज आली, छोटे रूळ उचलले गेले आणि घरात त्या गाडीचं म्हणून काय उरलं, तर आबांचा स्वतःचा एक पाना आणि निवृत्तीच्या दिवशीचा, हार घातलेला फोटो. त्यामुळं ती बत्ती मला हवीच होती.

जुनी नाणी, तिकिटं, रेल्वेच्या वस्तू जमवणाऱ्यांचा तो मोबाइलवरचा ग्रुप. विकणारा फोटो टाकतो, सुरुवातीची किंमत सांगतो, खाली लोक आकडे लिहितात आणि ठरलेल्या वेळी ज्याचा आकडा शेवटचा त्याची वस्तू. सुरुवात दीड हजाराला होती. मी दोन हजार लिहिले, दोन मिनिटांत कुणीतरी बावीसशे लिहिले. मी पंचवीसशे, तर दुसऱ्या एकाचे सत्तावीसशे. माझ्याशिवाय दोनच नावं होती, पण ती हटायला तयार नव्हती. साडेसहा हजारांवर मी थांबलो. त्यातल्या एकानं सात हजार लिहिले आणि बत्ती गेली. उशिरापर्यंत जागा होतो, जीव हळहळत होता.

सकाळी विकणाऱ्याचा निरोप आला. घेणाऱ्याची काही अडचण झाली आहे, तुमच्या शेवटच्या बोलीला वस्तू देतो, निम्मे पैसे या नंबरवर आत्ताच टाका. मला आनंदच झाला. पैसे टाकायच्या आधी मोबाइल आबांपुढं धरला, त्यांना बरं वाटेल म्हणून.

आबांची नजर आता अधू झाली आहे. त्यांनी फोटो मोठा करायला सांगितला, आणखी मोठा, मग कडीच्या बुडाशी बोट टेकवलं. "ह्यो स्क्रू बघ. फुलीची खाच हाय ह्येला. आमच्याकडं आडव्या खाचेचा असायचा, न्हाईतर सरळ रिव्हेट." मग म्हणाले, "आन् पितळ बघ की. हातात वागवलेली बत्ती कडीपाशी झिजती. ही कुठंच झिजली न्हाई."

मी मजकूर पुन्हा वाचला. खाली बारीक अक्षरात होतं, 'तळाला १९६१ चा शिक्का'. कंपनी १९५४ लाच संपली होती. रात्री हेच वाक्य मी तीनदा वाचलं होतं, तरी दिसलं नव्हतं. का दिसलं नाही, ते मला इथं लिहायचं आहे.

मी बत्ती पाहतच नव्हतो. मी ती दोन नावं पाहत होतो. दोघा जाणकारांना वस्तू एवढी हवी आहे म्हणजे ती खरीच असणार, हे मनानं परस्पर ठरवून टाकलं होतं. लिलावातली डमी बोली, म्हणजे विकणाऱ्याच्याच माणसानं लावलेली खोटी बोली, इथं काम करते. तिच्यामुळं किंमत वाढते हा झाला वरवरचा भाग. तिचं खरं काम आपला संशय मिटवायचं. मी मागं जाऊन त्या विकणाऱ्याचे जुने लिलाव काढले. चार महिन्यांत त्या दोन नावांनी दुसऱ्या कुणाच्याही वस्तूवर बोली लावलेली नव्हती. याच्या मात्र प्रत्येक वस्तूवर दोघं होते. एखादी वस्तू त्यांना 'मिळाली' की पंधरा-वीस दिवसांनी तीच, त्याच फोटोसकट, पुन्हा लिलावाला आलेली.

ही चाल जुनी आहे. मे २००० मध्ये ईबेवर केनेथ वॉल्टन या कॅलिफोर्नियातल्या वकिलानं एक रंगीत चित्र २५ सेंटला मांडलं. गॅरेज सेलमधून आणलेलं जुनं चित्र, असा भोळा मजकूर लिहिला. चित्रकाराचं नाव कुठंही घेतलं नाही. फोटोच्या कोपऱ्यात मात्र 'आर. डी. ५२' अशी अक्षरं दिसतील एवढी काळजी घेतली. रिचर्ड डिबेनकॉर्न या मोठ्या चित्रकाराचं चित्र स्वस्तात सापडलं, असं ज्याचं त्यानं समजावं म्हणून. तो आणि त्याचे साथीदार खोट्या नावांनी एकमेकांच्या वस्तूंवर बोली चढवत असत. ते चित्र १,३५,८०५ डॉलरला गेलं. नंतर बिंग फुटलं आणि २००१ मध्ये वॉल्टननं गुन्हा कबूल केला. ती अक्षरं त्यानंच रंगवली होती.

खरा हौशी माणूस बोली कशी लावतो हे एकदा ध्यानात आलं की खोटा माणूस लवकर ओळखू येतो. खऱ्याला वस्तू हवी असते आणि स्वस्तात हवी असते, म्हणून तो गप्प राहतो आणि शेवटच्या मिनिटांत पुढं येतो. डमीला वस्तू नकोच असते. तो सुरुवातीला आणि मधल्या वेळात जोर लावतो, थोड्या थोड्या रकमेनं दुसऱ्याला वर ढकलतो आणि शेवट जवळ आला की सहसा मागं सरतो. आमच्या लिलावात त्याचा अंदाज चुकला, मी आधीच थांबलो आणि बत्ती त्याच्याच गळ्यात पडली. म्हणून तर सकाळचा तो निरोप आला. 'घेणारा मागं हटला, तुम्हाला तुमच्या भावात देतो' असं कुणी कळवलं तर पहिला प्रश्न हाच, की तो घेणारा होता तरी का.

मोठ्या साइटवर आपली कमाल रक्कम आधी नोंदवून ठेवता येते आणि साइट आपल्या वतीनं गरजेपुरती बोली वाढवते. तिथं आणखी एक युक्ती चालते. कुणीतरी अचानक अवाच्या सवा बोली लावतो, त्यामुळं आपली कमाल रक्कम उघडी पडते. मग 'आकडा चुकला' म्हणून तो बोली मागं घेतो आणि दुसऱ्या नावानं आपल्या रकमेच्या अगदी खालपर्यंत भाव नेऊन ठेवतो. याची उलटी चाल घेणारे खेळतात. एक साथीदार कमी बोली लावून बसतो, दुसरा इतकी चढी लावतो की बाकीचे सोडून देतात, आणि शेवटच्या क्षणी दुसरा बोली काढून घेतो. बोली मागं घेतल्याची नोंद बहुतेक साइटवर दिसते. ती बघावी. विकणाऱ्याच्या नावापुढचे तारे मोजण्यापेक्षा ते कशाकशावर मिळाले हे बघावं. दहा-वीस रुपयांची शंभर स्टिकरं विकून मिळवलेल्या नावावर कुणी एकदम चाळीस हजारांचा कॅमेरा विकायला काढला असेल तर हात आखडावा.

आपल्याकडं बाझी नावाची लिलावाची साइट होती, २००४ मध्ये ईबेनं ती घेतली, आणि २०१८ मध्ये ईबेचं भारतातलं ते दुकानही बंद झालं. हौशी लोकांचे लिलाव आता बऱ्याच अंशी अशा ग्रुपमध्येच चालतात, आणि तिथं मधे कुणीच नसतं. पैसे धरून ठेवणारा नाही, तक्रार ऐकणारा नाही.

आमच्या बाजार समितीत डाळिंबाचे सौदे निघतात तेव्हा खरेदीदार समोर उभे असतात. फळ उचलून बघतात, एखादं फोडतात, दाणा तोंडात टाकतात. कोण कुठल्या पेढीचा, कोण माल उचलतो, कोण पट्टी वेळेवर देतो, हे शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. जनावरांच्या बाजारात पूर्वीपासून हेड्यांची, म्हणजे जनावरांच्या व्यापाऱ्यांची, माणसं गिऱ्हाईक बनून उभी राहत, बैलाच्या पाठीवर थाप मारत, 'मी देतो एवढे' म्हणत. पण जाणता माणूस अशा गिऱ्हाइकाच्या पायताणाकडं आणि दावं धरायच्या पद्धतीकडं बघून ओळखायचा की हा घेणारा नव्हे. मोबाइलवर पायताण दिसत नाही. तिथं बोली लावणाऱ्याची जुनी नोंद तेवढी दिसते, आणि तीच बघायचा आपण कंटाळा करतो.

हे लिहायची तळमळ बत्तीसाठी नाही. माझे पैसे वाचले. आमच्या गल्लीतल्या एका मावशींचे वाचले नाहीत. पाठीमागं ट्रॅक्टर असलेली पाच रुपयांची नोट त्यांनी देव्हाऱ्यात जपून ठेवली होती. तिला लिलावात लाखो रुपये येतात असा व्हिडिओ त्यांनी बघितला, नंबरावर फोन केला. पलीकडच्यानं आधी नोंदणीचे पैसे मागितले, मग कराचे, मग घेणाऱ्यानं बोली वाढवली म्हणून वरच्या कमिशनचे. भिशीचे साडेअकरा हजार गेले. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी आपल्या नावानं शुल्क किंवा कर मागणाऱ्यांशी आपला काहीएक संबंध नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ४ ऑगस्ट २०२१ रोजीच जाहीर केलं होतं. ते मावशींपर्यंत पोचलं नाही, व्हिडिओ पोचला. पैसे गेल्याबरोबर १९३० या नंबरावर फोन करायचा असतो, म्हणजे ते पुढं सरकायच्या आत बँकेत अडवता येण्याची आशा असते. मावशींनी आठ दिवस लाजेनं कुणाला सांगितलं नाही. मुलगा ओरडेल ही भीती. त्या लाजेवरच या लोकांची पोटं भरतात, आणि याचा मला फार राग येतो. विकणाऱ्याला आधी पैसे भरावे लागतात असा लिलाव दिसला तर तिथंच उठावं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला शेजारी बसून दाखवावं.

रेल्वेच्या वस्तूंबद्दल आणखी एक. बत्ती खरी निघाली असती तरी कागद मागायला हवा होता. रेल्वे आपलं भंगार रीतसर लिलावानं विकते आणि घेणाऱ्याला त्याचे कागद मिळतात. वस्तू चोरीची असल्याचा संशय आला तर १९६६ च्या कायद्यानुसार ती रीतसर मिळवली हे दाखवायची जबाबदारी ज्याच्या घरात सापडेल त्याची असते. आबांनी तीस वर्षांत कारखान्यातून एक खिळा घरी आणला नाही. त्यांच्या खोलीत बिनकागदाची बत्ती टांगायला मी निघालो होतो, याची मला खंत वाटते.

तीन आठवड्यांनी तीच बत्ती दुसऱ्या एका ग्रुपमध्ये दिसली. तोच फोटो, तीच दोन नावं, आणि त्यांच्यामध्ये एक नवीन. त्यानं बोलीखाली लिहिलं होतं, 'माझे आजोबा बार्शी लाइटला होते.' भाव अठ्ठेचाळीसशेवर गेला होता. मी खाली लिहिलं, 'कडीजवळच्या स्क्रूचा फोटो टाका.' दहा मिनिटांत माझं लिहिणं पुसलं गेलं आणि मला ग्रुपमधून काढलं. तोवर मी त्या नव्या माणसाला वेगळा निरोप पाठवला होता. रात्री त्याचं उत्तर आलं, 'थांबलो.'

तो लातूरकडचा निघाला. आता आमचं अधूनमधून बोलणं होतं. परवा त्यानं आजोबांच्या ट्रंकेत सापडलेल्या पितळी बिल्ल्याचा फोटो पाठवला, विकायला नाही, नुसता बघायला. आबांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "ह्येची मागली बाजू दाव म्हणावं त्याला."