खोक्यात काय? बहुतेक हवाच!

मागच्या आठवड्यात मी मोबाइलची चार्जिंग केबल मागवली. दार उघडलं तर डिलिव्हरीवाल्या दादाच्या हातात बुटांचा जोड मावेल एवढा खोका. मला वाटलं, पार्सल शेजारच्या फ्लॅटचं असणार. पण नाव माझंच होतं. आत चुरगळलेला तपकिरी कागद, बबल रॅपची गुंडाळी आणि तळाशी ती केबल, तिच्या स्वतःच्या छोट्या पाकिटात.

तुमच्याकडेही हे झालं असेलच. आपण हसतो, फोटो काढून स्टेटसला टाकतो आणि खोका दाराबाहेर ठेवून देतो. या वेळी मी पट्टी काढून मोजलं. खोका ३० बाय २० बाय १० सेंटिमीटर, केबलचं पाकीट १५ बाय १० बाय २. गुणाकार केला तर खोक्याच्या जागेपैकी केबलने व्यापली होती ती फक्त ५ टक्के. बाकीचे ९५ टक्के म्हणजे हवा, कागद आणि बबल रॅप.

मग विक्रेत्याला परवडतं कसं?

गंमत म्हणजे ही हवा फुकट येत नाही. बहुतेक कुरिअर कंपन्या पार्सलचं खरं वजन आणि त्याचं ‘व्हॉल्युमेट्रिक’ वजन या दोन्हींपैकी जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सहसा ५०००ने भागायचं, की हे दुसरं वजन किलोत मिळतं. माझ्या खोक्याचं ते निघालं १.२ किलो. केबलचं खरं वजन शंभर ग्रॅमही नसेल.

तरीही मोठा खोका का? कारण गोदामात खोक्यांचे ठरावीकच साइज असतात. पॅकिंग करणाऱ्याला भराभर पार्सलं हातावेगळी करायची असतात, त्यामुळे हाताशी असेल तो खोका उचलला जातो. छोटा विक्रेता तर घाऊक बाजारातून दोन-तीन मापांचे खोके एकगठ्ठा घेतो, त्यात स्वस्त पडतात म्हणून. त्यात भर म्हणजे वस्तू फुटून परत आली तर जाण्यायेण्याचा खर्च विक्रेत्याच्या अंगावर येतो. त्यापुढे चार रुपयांचं बबल रॅप त्याला स्वस्तच वाटतं. थोडक्यात, प्रत्येक जण आपापल्या जागी हिशेबाने वागतोय. त्या हिशेबात कचरा मात्र कोणीच धरत नाही.

प्लॅस्टिक गेलं, पोकळी राहिली

आता तुम्ही म्हणाल, कंपन्यांनी प्लॅस्टिक बंद केलंय ना? काही अंशी हो. अ‍ॅमेझॉनने २०२० मध्ये भारतातल्या आपल्या गोदामांतून निघणाऱ्या पॅकिंगमधून एकदाच वापरायचं प्लॅस्टिक काढून टाकल्याचं जाहीर केलं. फ्लिपकार्टने आपल्या पुरवठा साखळीबद्दल २०२१ मध्ये तसंच सांगितलं. त्याच सुमारास या दोन कंपन्यांच्या पॅकिंगविरुद्ध एका १६ वर्षांच्या मुलाने राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली होती, हेही लक्षात ठेवायला हवं. पण ‘आपल्या गोदामांतून’ हे शब्द महत्त्वाचे. विक्रेता स्वतःच्या दुकानातून थेट पार्सल पाठवतो तेव्हा त्यावर काय गुंडाळायचं, हे बऱ्याचदा त्याचं तोच ठरवतो.

कायद्याचं म्हणाल तर २०२२ पासून पॅकिंगमधल्या प्लॅस्टिकची जबाबदारी उत्पादक, आयातदार आणि ब्रँडवर आहे. बाजारात जितकं प्लॅस्टिक उतरवलं, त्याचा हिशेब द्यायचा आणि ठरलेल्या प्रमाणात ते परत गोळा करून त्यावर प्रक्रिया करायची. कागद, काच आणि धातूच्या पॅकिंगसाठी अशाच नियमांचा मसुदा केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. हे सगळं चांगलंच आहे. मात्र प्लॅस्टिकच्या या नियमांत मोजमाप होतं ते प्लॅस्टिकच्या प्रकाराचं आणि वजनाचं. खोका किती रिकामा असला तर चालेल, हा प्रश्न त्यात नाहीच. म्हणजे बबल रॅपच्या जागी कागद कोंबला की कंपनी ‘ग्रीन’, आणि खोका तेवढाच मोठा.

युरोपियन युनियनने हीच पळवाट बंद केलीय. त्यांच्या नव्या नियमानुसार २०३० पासून ऑनलाइन पार्सलमध्ये रिकामी जागा ५० टक्क्यांपेक्षा जास्त ठेवता येणार नाही. आणि कागदाचे तुकडे, बबल रॅप, हवेच्या पिशव्या हे सगळं भरलेलं नाही, तर रिकामंच धरलं जाणार! दक्षिण कोरियानेही २०२४ मध्ये ५० टक्क्यांचीच मर्यादा आणली आणि कंपन्यांना जुळवून घ्यायला दोन वर्षं दिली. माझा ९५ टक्के पोकळ खोका दोन्हीकडे नापास झाला असता.

शेवटी कोणाच्या हातात?

पुण्यात बऱ्याच सोसायट्यांत ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या ताई कचरा न्यायला येतात. घरांकडून मिळणारं शुल्क आणि भंगार विकून आलेले पैसे ही त्यांची कमाई. कोरड्या, स्वच्छ पुठ्ठ्याला भंगारात भाव मिळतो. पण बाहेरून कागद आणि आतून बबल चिकटवलेलं पाकीट ना कागदात जातं, ना प्लॅस्टिकमध्ये. टेपने लपेटलेला खोका असेल तर ती टेप ओढून काढायची मेहनत त्यांचीच, आणि तिचे वेगळे पैसे कोणी देत नाही. पार्सल कसं बांधायचं हे गोदामात ठरतं, त्याची किंमत मात्र या ताई मोजतात.

आपण काय करू शकतो? तीन वस्तू तीन दिवशी मागवण्यापेक्षा एकदम मागवा. ‘एकत्र डिलिव्हरी’चा पर्याय दिसला तर तो निवडा, एक दिवस उशिराने काही बिघडत नाही. वस्तूचा रिव्ह्यू लिहिताना पॅकिंगबद्दलही दोन ओळी लिहा, विक्रेते ते वाचतात. खोका देताना टेप काढा, तो चपटा करा आणि भिजू देऊ नका. बबल रॅप जवळच्या काचसामानाच्या दुकानात विचारून द्या.

पण एवढ्याने प्रश्न सुटेल असं मी म्हणणार नाही. खोक्याचं माप तुम्ही-मी ठरवत नाही. जिथे लाखो पार्सलं रोज निघतात, तिथे पोकळीवर मर्यादा हवी आणि ती नियमानेच यावी लागेल. निदान कागदी पॅकिंगचे नियम पक्के होताना तरी वजनासोबत रिकामी जागाही मोजली जावी, ही मागणी आपण करायला हवी. येत्या सेलमध्ये तुमचं पार्सल आलं की फेकण्याआधी एकदा पट्टी लावून बघा. स्टेटसला खोक्याचा फोटो टाकणार असाल, तर त्याखाली तो टक्काही लिहा.