पोरांच्या दुःखाला कॉलेजात जागा आहे का?

कोपरी (ठाणे) : कसारा, आसनगाव, बदलापूरकडून सकाळच्या लोकलने निघून कितीतरी पोरं ठाणे-मुलुंडच्या कॉलेजात शिकायला येतात. शहापूर, मुरबाडच्या गावांतली पोरं तर आधी एसटी नाहीतर जीप धरून स्टेशन गाठतात. अशाच एका लोकलमध्ये १८ नोव्हेंबर २०२५ रोजी कल्याणच्या एका कॉलेज विद्यार्थ्याला भाषेच्या वादातून मारहाण झाली. त्याच दिवशी त्याने घरी जीवन संपवले. मारहाणीच्या तणावातूनच हे घडले, अशी तक्रार वडिलांनी पोलिसांकडे केली.

नंतर गाजला तो मराठी-हिंदीचा वाद. पुढाऱ्यांनी एकमेकांकडे बोटे दाखवली. पण त्याच्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा तसल्याच डब्यात चढणाऱ्या पोरांचे काय? हा प्रश्न मागेच पडला.

गर्दी ओसरल्यावर काय?

त्याआधी २२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या हल्ल्यात २६ जणांचा जीव गेला. त्यात डोंबिवलीचे तिघे होते. डोंबिवलीने बंद पाळला, अंत्ययात्रेला माणूस लोटला. राज्य सरकारने घरच्यांना ५० लाखांची मदत आणि नोकरी देण्याचा निर्णय घेतला. हे गरजेचेच होते. पण ज्या पोरांनी बाप डोळ्यांसमोर गेलेला पाहिला, त्यांचे दुःख पैशाने भरून निघत नाही. तेराव्यानंतर पाहुणे आपापल्या गावी जातात आणि खरे दुःख तेव्हाच घरात शिरते. नेमके त्याच वेळी कॉलेजची हजेरी, सबमिशन आणि परीक्षा दारात उभ्या राहतात.

अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ ला गोळीबारात ३२ जण मारले गेले. त्या विद्यापीठाने आठवडाभर वर्ग बंद ठेवले. तोवर मिळालेल्या गुणांवरच सत्र संपवायची मुभाही विद्यार्थ्यांना दिली. शोकसभा आपल्याकडेही होते. अभ्यासाचे ओझे हलके करण्याचा विचार मात्र क्वचितच होतो.

नियम आहे, विचारणारा हवा

सुप्रीम कोर्टाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडून घ्यायचे. शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचे. हेल्पलाइनचे नंबर सगळ्यांना दिसतील असे लावायचे. देखरेखीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती हवी.

म्हणजे कागद तयार आहे. पण समुपदेशक दुपारनंतर बसणार असेल, तर मुरबाडचे पोरगे तेव्हा एसटीच्या घाईत असते. शहरातल्या पोराला जे मिळेल, ते गावच्या पोराला मिळेलच असे नाही. म्हणून कॉलेजात गेल्यावर पालकांनी फीसोबत हेही विचारावे : समुपदेशक कोण? कधी भेटतो? फोनवर बोलतो का? घरात किंवा वर्गात मृत्यू झाला, तर हजेरीत आणि परीक्षेत काय सवलत?

घरच्यांच्या हातात काय?

पोरगे जेवत नाही, रात्रभर जागते, लोकलने जायला टाळते, मोबाइलवर तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघते, तर ते नाटक समजू नये. 'पोरगा असून रडतोस काय?' हे वाक्य घरातून काढूनच टाकावे. उपदेश कमी करावा, शेजारी बसून ऐकावे. मरणाची भाषा आली तर घाबरून विषय बदलू नये. सरळ विचारावे, एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. मारहाणीचे, मृतदेहाचे व्हिडिओ गावच्या ग्रुपवर फिरवू नयेत. ते कुणाच्या तरी वर्गमित्राच्या मोबाइलवर पोहोचतात.

केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ दिवसरात्र चालू असते. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येते. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे नुसता सल्ला घ्यायला गेले म्हणून कुणी वेडे ठरत नाही.

भाषेचा वाद निवडणुकीपुरता तापेल आणि निवेल. आपले पोरगे मात्र उद्या सकाळी पुन्हा लोकल धरणार आहे. संध्याकाळी ते घरी आले की आधी मार्क विचारायचे की 'कसा आहेस?' विचारायचे, हे घराघरांत ठरवायला हवे.