'हो' म्हणजे यस?

शाळेत इंग्रजीच्या पेपरात 'प्रश्नार्थक करा' हमखास यायचं. 'ही इज अ टीचर' मधला 'इज' उचलून पुढे ठेवला की 'इज ही अ टीचर?' तयार. 'ही गोज टू स्कूल'मध्ये उचलायला सहायक क्रियापदच नाही, मग 'डझ' आणायचं आणि 'गोज'चं 'गो' करायचं. (हे 'डू'चं प्रकरण इंग्रजांकडेही हळूहळूच रुळलं. शेक्सपिअरच्या काळात 'गोज ही?' असंही चालायचं!)

मराठीत शब्द जागचे हलतसुद्धा नाहीत. शेवटी 'का' लावला, नाहीतर नुसता सूर चढवला की झाला प्रश्न. म्हणूनच आपली मुलं 'यू आर कमिंग?' विचारतात. मला विचाराल तर त्यात फारसं बिघडत नाही. बोलताना इंग्रजही असं विचारतातच, आणि ऐकणाऱ्याला अर्थ बरोबर कळतो.

घोटाळा होतो तो उत्तरात. समजा, परदेशातल्या डॉक्टरने विचारलं, 'डिडन्ट यू टेक द टॅब्लेट?' मराठीत 'गोळी नाही घेतली का?' याला आपण सहज म्हणतो, 'हो, नाही घेतली.' आपला 'हो' म्हणजे 'तुमचं बरोबर आहे'. इंग्रजीतला 'यस' मात्र समोरच्याला दुजोरा देत नाही, 'घेतली' असं सांगतो. म्हणजे आपण नुसतं 'यस' म्हणून मान डोलावली, तर न घेतलेली गोळी डॉक्टरच्या लेखी पोटात गेलेली असते!

'डू यू माइंड इफ आय सिट हिअर?' चंही तेच. बसा म्हणायचं असेल तर 'नो' म्हणावं लागतं.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. इतकी वर्षं शिकवायची, तर वाक्यं उलटीपालटी करून घेण्यातला थोडा वेळ उत्तरांना द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. नियम छोटासाच आहे. प्रश्न होकारार्थी असो वा नकारार्थी, गोष्ट घडली असेल तर 'यस', नसेल तर 'नो'. आणि नुसत्या एका शब्दावर थांबायचं नाही. 'नो, आय डिडन्ट' असं पूर्ण करायचं. म्हणजे 'यस-नो'त गडबड झालीच, तरी पुढचे शब्द सांभाळून घेतात.

मुलांकडे परदेशी निघालेल्या काका-मावश्यांनो, बॅगेत लोणच्याची बरणी भरताना हेही लक्षात असू द्या. निदान डॉक्टरसमोर तरी!