पाईप तडकतो उन्हात, भोगते वस्ती!

जलवाहिनीचे काम निघाले की रस्त्याच्या कडेला पाईपांचे ढीग पडतात. नाशिकच्या इंदिरानगरसारख्या वाढत्या वसाहतीत हे चित्र नवे नाही. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात कामांची घाई सुरू आहे. उद्घाटनाचा नारळ कोण फोडणार याची चर्चा होते. पण ढिगातला पाईप कसा उतरवला, कसा ठेवला, याची चौकशी कोण करतो? कोणीच नाही! आणि नेमके तेथेच सामान्य माणसाचे पाणी नासते.

प्लास्टिकचा पाईप गंजत नाही हे खरे. म्हणून त्याला कसाही फेकावा असे नाही. पांढरा-राखाडी पीव्हीसी पाईप महिनोन्‌महिने उन्हात पडला की त्याचा वरचा थर ठिसूळ होतो. तो दिसायला धड असतो, पण धक्का बसताच तडकतो. काळ्या एचडीपीई पाईपात काजळी मिसळलेली असते, त्यामुळे तो ऊन जास्त सोसतो. मात्र खडकाळ जमिनीवरून ओढला की त्यावर चरे पडतात. भिंतीच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहून खोल चरा गेला, तर तेवढा तुकडा कापून टाकावा असा साधा नियम आहे. सांध्याचे फुगीर तोंड खाली दबले की त्याचा गोलपणा जातो, रबरी कडी नीट बसत नाही आणि गळती जन्मालाच येते.

गळती म्हणजे केवळ पाणी वाया जाणे नव्हे. आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसते. पुरवठा बंद झाला की वाहिनीतला दाब उतरतो आणि त्याच फटीतून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरते. ज्याच्या घरी शुद्धीकरणाचे यंत्र आहे तो वाचतो. ज्या वस्तीत ते नाही, तेथील लेकरांना जुलाब आणि कावीळ होते. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क मागितला. तो हक्क आज पाईपातून दारात येतो. तो घाण होऊन येत असेल तर हक्क मिळाला असे कसे म्हणावे?

दुसरा प्रश्न पाईप उचलणाऱ्या माणसाचा आहे. सहा मीटर लांबीचे पाईप ट्रकमधून ढकलून खाली पाडले जातात. खाली उभ्या मजुराच्या पायावर ते आले तर? एचडीपीईच्या वेटोळ्याची दोरी एकदम कापली की ते स्प्रिंगसारखे उसळते. सांधे जोडण्याचे सोल्युशन चटकन पेट घेते आणि त्याच्या वाफेने डोके गरगरते. हे त्या मजुराला कोणी सांगितले? ठेकेदार अनेकदा त्याला नाक्यावरून उचलतो, त्याची नोंद कोठेच नसते. १९६९ चा माथाडी कायदा महाराष्ट्रानेच केला, मग त्याचा आधार या हमालापर्यंत का पोहोचत नाही? ट्रकबाहेर लोंबणाऱ्या पाईपांनी मागचा दुचाकीस्वार जायबंदी होतो. २०१९ च्या दुरुस्तीने अशा वाहनाला वीस हजार रुपये दंड ठेवला आहे. तो वसूल किती जणांकडून होतो?

उपाय महागडा नाही. सपाट, दगड-खिळे नसलेली जागा हवी. पाईपाखाली सारख्या अंतरावर लाकडी पट्ट्या असाव्यात. ढीग दीड मीटरपेक्षा उंच नको. फुगीर तोंडे आलटून-पालटून ठेवावीत. वर सावली हवी, पण हवा खेळती राहिली पाहिजे. उचलताना लोखंडी साखळी नको, रुंद पट्टा हवा. दोन्ही टोके बंद ठेवावीत, म्हणजे आत माती आणि उंदीर जाणार नाहीत. ढिगाभोवती दोरी बांधावी, कारण मुलांना तो खेळ वाटतो आणि घरंगळलेला पाईप जीव घेऊ शकतो. हे भारतीय मानकांत छापलेले शहाणपण आहे, ते निविदेत लिहिले जाते आणि कामावर विसरले जाते.

म्हणून कार्यकर्त्यांनी आता केवळ नळ मागून थांबू नये. आपल्या वस्तीत पाईप येताच ढिगाजवळ उभे राहावे. पाईपावरचा मानकाचा शिक्का आणि तारीख वाचावी. तडकलेला पाईप दिसला तर छायाचित्र काढून प्रभाग कार्यालयात लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी. खड्डा बुजला की पुरावाही बुजतो. पाईप जमिनीत जाण्यापूर्वीच जाब विचारा!