पिशवी काढल्यानंतरच्या गोळ्या : केव्हा आणि कशा थांबवाव्यात?



या सदरात आपण नेहमी बियाणे, खत आणि फवारणीचे बोलतो, तेव्हा आजचा मथळा वाचून काहींना नवल वाटेल. पण शेतीशाळा आटोपली, पुरुषमंडळी चहाला उठली की बायका मागे थांबतात आणि तेव्हा जे प्रश्न निघतात ते पिकाचे नसतात. खामगावकडच्या एका भगिनीने मध्यंतरी विचारले, "बाई, माही पिशवी काढली तवापासून ह्या हार्मोनच्या गोळ्या चालू हायेत. सात वर्सं झाली. मेडिकलवाला म्हणते घेत राहा, नणंद म्हणते ह्या गोळ्यानं कॅन्सर होते. सोडू का नको?" तिचे वय आज ४१. म्हणजे पिशवी काढली तेव्हा ती ३४ वर्षांची होती.

मी डॉक्टर नव्हे. गोळी लिहून देण्याचा किंवा बंद करण्याचा अधिकार माझा नाही. परंतु डॉक्टरांपुढे बसल्यावर काय विचारावे, कोणता कागद बरोबर न्यावा, एवढे माहीत असले तरी निम्मे काम होते. म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट, नुसती 'पिशवी काढली' एवढ्याने काही कळत नाही. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढी दोन बीजांडकोष असतात. डॉक्टर त्यांना ओव्हरी म्हणतात. बाईच्या शरीरातले एस्ट्रोजेन हे हार्मोन मुख्यतः तेथे तयार होते. नुसती पिशवी काढली आणि ओव्हरी ठेवल्या, तर पाळी थांबते पण हार्मोन चालू राहते. पाळी जाण्याचे वय आले की ते आपोआप ओसरते, कधी थोडे आधी. मात्र पिशवीबरोबर दोन्ही ओव्हरी काढल्या असतील, तर जे एरवी काही वर्षांत हळूहळू व्हायचे ते एका दिवसात होते. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने अंथरूण भिजते, झोप जाते, चिडचीड होते. हे निदान कळते तरी. हाडे आतून ठिसूळ होऊ लागतात ते कळतही नाही, आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो.

म्हणून ट्रंकेतले जुने डिस्चार्ज कार्ड शोधा. ओव्हरी काढल्या की ठेवल्या हे त्यावर लिहिलेले असते. आपल्याकडे सातबारा जपून ठेवतात आणि बाईच्या ऑपरेशनचा कागद पावसाळ्यात चूल पेटवायला जातो. कागद हरवला असेल तर जेथे ऑपरेशन झाले तेथे जाऊन नक्कल मागावी. तेही न जमल्यास सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासणीवरून डॉक्टरांना बराच अंदाज येतो.

हा प्रश्न एकट्या खामगावच्या बाईचा नाही. जालना ओलांडले की बीड जिल्हा. तेथे तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या, हा आकडा जून २०१९ मध्ये विधान परिषदेत आरोग्यमंत्र्यांनीच सांगितला. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीसाठी बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांत चाळिशीच्या आतल्या कितीतरी होत्या. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना अनावश्यक पिशवी काढण्याला आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे लागू करायला सांगितले. ते योग्यच झाले. पण ज्यांची पिशवी गेली त्यांच्या पुढच्या वीस वर्षांचे काय, ह्याची चर्चा त्या मानाने फार थोडी झाली.

आता नणंदेचे म्हणणे. ते अगदीच हवेतले नाही. अमेरिकेत १६,६०८ बायकांवर एक मोठा अभ्यास चालू होता. तो जुलै २००२ मध्ये मध्येच थांबवावा लागला, कारण दोन हार्मोनांची एकत्र गोळी घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग थोडा अधिक दिसला. थोडा म्हणजे किती? वर्षाला दर १०,००० बायकांमागे ३० ऐवजी ३८. बातमी जगभर गेली आणि लाखो बायकांनी गोळ्या फेकून दिल्या. पण त्या अभ्यासातल्या बायका ५० ते ७९ वर्षांच्या होत्या, सरासरी वय ६३. चौतिशीत ओव्हरी गेलेल्या बाईला तो हिशेब जसाच्या तसा लावणे म्हणजे कोरडवाहू कपाशीला बागायती उसाचे वेळापत्रक लावणे होय. पुढे वयानुसार आकडे तपासले तेव्हा कळले, की साठीच्या आत आणि पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलेल्या उपचाराने त्रास होणाऱ्या बहुतेक निरोगी बायकांना तोट्यापेक्षा फायदाच अधिक होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये ह्या औषधांवरचे बरेचसे ठळक इशारे काढण्याचे जाहीर केले. पिशवी असलेल्या बाईने एकटे एस्ट्रोजेन घेतल्यास पिशवीच्या अस्तराचा कर्करोग होऊ शकतो, हा इशारा मात्र कायम ठेवला. तो का ठेवला हे खाली येईलच.

तर थांबवायचे केव्हा? किती वर्षे घेतल्या यावरून ते ठरत नाही. कोणत्या वयात आणि कशासाठी सुरू केल्या यावरून ठरते.

ज्यांच्या दोन्ही ओव्हरी लवकर काढल्या, त्यांना गोळीतून मिळते ते काही जास्तीचे नव्हे. शरीराला त्या वयात जे मिळायलाच हवे होते तेच भरून दिले जाते. म्हणून दुसरी अडचण नसेल तर पन्नाशीच्या आसपास, म्हणजे एरवी पाळी जाण्याच्या वयापर्यंत, ते चालू ठेवण्याचा सल्ला डॉक्टर देतात. खामगावच्या भगिनीच्या कार्डावर दोन्ही ओव्हरी काढल्याचे निघाले, तर सात वर्षे झाली हे बंद करण्याचे कारण होत नाही, तिची अजून आठ-नऊ वर्षे बाकी आहेत. ओव्हरी ठेवल्याचे निघाले, तर मुळात ही गोळी कशासाठी चालू आहे हाच प्रश्न डॉक्टरांना विचारला पाहिजे. त्याच गोळ्या, तेच वय, पण कागदाच्या एका ओळीने उत्तर उलटे होते.

ज्यांची पाळी वयानुसार गेली आणि वाफांच्या त्रासासाठी गोळी सुरू झाली, त्यांची गोष्ट निराळी. वाफा बहुतेकींना काही वर्षे येतात, काहींना सात-आठ वर्षेही. यांनी दरवर्षी एकदा डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब आणि स्तन तपासून घ्यावेत आणि अजून गरज आहे का ते विचारावे. साठी जवळ आली की हा विचार अधिक काटेकोरपणे करावा. पाच वर्षे झाली की बंदच, असा पक्का नियम नाही. तसेच कोणी विचारले नाही म्हणून पंधरा वर्षे चालू, हेही बरोबर नाही. कृषी केंद्रवाल्याच्या सांगण्यावरून फवारणी करू नका असे मी वर्षानुवर्षे सांगत आले. मेडिकलवाल्याच्या बाबतीतही माझे तेच मत आहे. त्याचा राग आला तरी चालेल.

थांबवायचे ठरले, की रीत कोणती? एकदम थांबवल्यानेही जिवाला धोका नसतो. पण जवळपास निम्म्या बायकांना वाफा पुन्हा जाणवतात, आणि हळूहळू कमी केल्यास सुरुवातीचे आठवडे सुसह्य जातात. वर्ष-सहा महिन्यांनी पाहिले तर दोन्ही रीतींत फारसा फरक उरत नाही. डॉक्टर बहुधा आधी कमी ताकदीची गोळी देतात, मग एक दिवसाआड, असे तीन ते सहा महिन्यांत संपवतात.

ज्यांची पिशवी जागेवर आहे त्यांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. त्यांना दोन औषधे असतात, एस्ट्रोजेन आणि त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन. पैसे वाचवायला जोडीची गोळी तेवढी सोडायची, असे करू नये. वर सांगितलेला इशारा याचसाठी आहे. एकट्या एस्ट्रोजेनने पिशवीचे अस्तर वाढत जाते. पिशवी काढलेल्यांना सहसा जोडीची गोळी लागत नाही.

वेळेबद्दल माझे स्वतःचे मत सांगते. आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. त्या दिवसांत गोळी थांबवली तर घाम उन्हाचा की हार्मोनचा, हे कोणाला कळणार? मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत संपेल असा बेत डॉक्टरांना सांगून पाहावा. घरात लग्न किंवा दुसरा मोठा ताण नसलेले महिने निवडावेत. थांबवल्यावर दोन-तीन महिने वाट पाहावी. त्रास सोसण्यापलीकडे असेल तर परत डॉक्टरांकडे जावे. कमी मात्रेत पुन्हा सुरू करता येते, किंवा हार्मोन नसलेली औषधेही आहेत. परत जाण्यात कमीपणा नाही.

काही वेळा मात्र थंडीची वाट पाहायची नसते. स्तनात गाठ लागली, पाळी गेल्यानंतर अंगावरून रक्त गेले, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, छातीत दुखले, दम लागला, तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला किंवा कावीळ झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय, खामगावचे सामान्य रुग्णालय, बुलढाण्याचे जिल्हा स्त्री रुग्णालय, जे जवळ असेल ते. मोठे ऑपरेशन ठरले असेल तर ह्या गोळ्या चालू असल्याचे आधीच सांगावे.

गोळी थांबली की हाडांची झीज पुन्हा सुरू होते. दूध-दही, तीळ, शेवग्याचा पाला, अंबाडीची भाजी ताटात असू द्यावी आणि मिश्री सोडावी. सोयाबीनबद्दल नेहमी विचारले जाते. त्यात हार्मोनासारखे काम करणारे वनस्पतिज घटक आहेत हे खरे, पण त्याने वाफा थोड्याच कमी होतात. ते गोळीची जागा घेऊ शकत नाही. प्रथिनांसाठी मात्र जरूर खावे. आपण पोत्याने विकतो आणि घरात मूठभर ठेवत नाही, हे मला कधी समजले नाही. कच्चे दळू नये. वीस-पंचवीस मिनिटे उकळून, वाळवून, ९ किलो गव्हात १ किलो मिसळून दळावे.

लघवीच्या जागेची कोरड आणि आग वाफांसारखी आपोआप जात नाही, उलट वाढते. त्यासाठी वरून लावायचे अगदी कमी मात्रेचे मलम मिळते आणि गोळी थांबवल्यावरही ते डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरता येते. लाजून सांगत नाहीत म्हणून ते कित्येकींना मिळतच नाही.

आणि उरलेल्या पाकिटांचे एक. जावेला तसाच त्रास आहे म्हणून ती तिला देऊ नका. तिची पिशवी आहे की नाही, ओव्हरी आहेत की नाहीत, आधी तिचे कार्ड शोधू द्या.