व्यसन आणि अर्धे उपाय

मालवणच्या किनाऱ्यावर तिन्हीसांज झाली, होड्या वाळूवर ओढल्या गेल्या आणि तुळशीपुढे दिवा लागला, म्हणजे कित्येक घरांत एक प्रश्न मुकाट्याने विचारला जातो. घरातला पुरुष आज कोणत्या वाटेने येणार? सरळ घरी, की गुत्त्यावरून? हा प्रश्न रापणकरांच्या व खलाशांच्या झोपड्यांतच उत्पन्न होतो, अशी आमच्या सुशिक्षित वाचकांपैकी कोणाची समजूत असेल, तर ती त्यांनी कृपा करून टाकून द्यावी. वकिलाच्या माडीवर, शिक्षकाच्या पडवीत आणि पेन्शनराच्या माजघरात तो तितकाच विचारला जातो. भेद इतकाच की, तेथे तो दार लावून विचारतात.

दारू बरी की वाईट, ह्या वादात आम्हांस आज शिरावयाचे नाही. मुंबईचा दारूबंदी कायदा १९४९ साली झाला. तो आजही महाराष्ट्राच्या नावाने पुस्तकात आहे, आणि त्याच कायद्याखाली मिळालेल्या परवान्यांवर दुकानेही चालू आहेत. शिवाय बांदा व दोडामार्ग ओलांडले की गोवा, आणि तेथील दारू आपल्याकडच्याहून स्वस्त. तेव्हा सिंधुदुर्गातील माणसाचे व्यसन सरकार सोडवील, ह्या आशेवर कोणी बसू नये. आमचा वाद आहे तो उपाय सांगणाऱ्यांशी. त्यांत दोन पक्ष आहेत. दोन्ही प्रामाणिक आहेत, दोघांजवळही सत्याचा एकेक तुकडा आहे, आणि आपला तुकडा हेच संपूर्ण सत्य होय अशा दोघांच्या हट्टापायी माणसे हकनाक बुडत आहेत.

पहिला पक्ष शरीराला हलविणारांचा. ह्यांचे म्हणणे असे की, पहाटे उठवा, सूर्यनमस्कार घाला, प्राणायाम करवा, भजनात उभे करा, की व्यसन पळालेच म्हणून समजा. 'आमच्या भजनाक बसव तेका. दारू आपसूक सुटतली,' हे वाक्य आम्ही गावोगाव ऐकले आहे, आणि सांगणाराच्या डोळ्यांतली माया पाहून प्रत्येक वेळी गप्पही बसलो आहो. दुसरा पक्ष औषधे देणारांचा. ह्यांच्या मते दारू हे एक विष. ते शरीरातून उतरविले, झोपेची व शक्तीची औषधे लिहून दिली, की वैद्याचे कर्तव्य संपले. पुढचे रोग्याने व त्याच्या नशिबाने पाहून घ्यावे.

ह्या दोन्ही पक्षांची परीक्षा एकाच माणसावर झालेली आम्ही पाहिली आहे. आमच्या परिचयाच्या एका घरातील कर्ता पुरुष वीस वर्षे पीत होता. घरच्यांनी लाजेस्तव तालुक्यातल्या डॉक्टरास दाखविले नाही. दूरच्या एका शिबिरात त्यास नेऊन सोडले. तेथील चालकांनी, 'गोळ्या म्हणजे दुसरे व्यसन,' असे सांगून जवळची औषधे काढून घेतली आणि पहाटेपासून आसने सुरू केली. तिसऱ्या रात्री त्यास भिंतीवर किडे चढताना दिसू लागले. अंगास कंप सुटला, घाम फुटला, तो बायकोस ओळखीना. रात्रीच इस्पितळात नेला म्हणून वाचला. तेथे आठवडाभर उत्तम शुश्रूषा झाली. निघताना त्याने डॉक्टरांस एवढेच विचारले, 'साहेब, संध्याकाळचं काय करू?' बाहेर पन्नास रोगी बसलेले. डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली. विसाव्या दिवशी तो पुन्हा गुत्त्यावर दिसला. लोक म्हणाले, 'ह्याच्यात जिद्दच नाही.' आम्ही म्हणतो, त्यास दोन उपाय मिळाले. दोन्ही अर्धे मिळाले, आणि दोन अर्धे वेगवेगळ्या गावी ठेवले तर त्यांचा एक होत नाही.

पहिल्या पक्षाने हे नीट ध्यानात घ्यावे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली, म्हणजे काही तासांतच हात कापू लागतात. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कित्येकांस भ्रम होतो, ज्यावर वेळीच उपचार न झाल्यास प्राणही जातो. फार पिणाराच्या शरीरात ब१ जीवनसत्त्वाचा दुष्काळ पडलेला असतो. ते वेळेवर न दिल्यास स्मृती व चाल ह्यांस कायमची इजा होऊ शकते. अशा अवस्थेतील माणसास कपालभाती शिकविणे, म्हणजे भोक पडलेल्या होडीतील माणसास वल्हविण्याचे धडे देणे होय. वल्हविणे चांगलेच, पण आधी भोक बुजवावयास हवे. आणि दारूच्या पोटात कित्येकदा जुनी उदासीनता, भय किंवा एखादे न सोसलेले दुःख दडलेले असते. त्याचा शोध मनाच्या वैद्यानेच घ्यावयाचा असतो. तो श्वास मोजून लागत नाही.

योगाची बाजू घेऊन भांडणारांस आम्ही योगाचाच दाखला देतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले, ते आसनांचा व प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो हे यंत्रांनी मोजून पाहण्याकरिता. ज्या विद्येच्या थोर उपासकास प्रयोगशाळेचे भय वाटले नाही, तिच्या नावाने आज डॉक्टरास दाराबाहेर उभे करावे, हा न्याय कोठला?

दुसऱ्या पक्षास सांगावयाचे ते असे. तल्लफ ही कल्पना नव्हे. ती अंगात उठते. छाती आवळते, जिभेला कोरड पडते, पाय ओळखीच्या वाटेकडे आपोआप वळतात. वर्षानुवर्षे जे शरीर ठराविक घटकेस ठराविक गोष्ट मागावयास शिकले, त्यास त्या घटकेस दुसरे काही करावयास शिकविल्यावाचून नुसत्या उपदेशाने ते कसे ऐकणार? गोळी झोप देईल, तल्लफेची धार कमी करणारी औषधेही आज आहेत आणि ती अवश्य द्यावी. परंतु सहा ते आठ ह्या दोन तासांत हातापायांनी काय करावे, हे कोणतीही गोळी सांगत नाही.

हे दोन्ही अर्धे जोडता येतात की नाही, असा प्रश्न कोणी करील तर त्याचे उत्तर आपल्याच प्रांतात आहे. १९८१ साली मुंबईस वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जो परेरा ह्यांनी कृपा फाउंडेशनचा आरंभ केला. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले हे धर्मगुरू पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. अमेरिकेत १९३५ साली निघालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ह्या मंडळाच्या बारा पायऱ्या आणि अय्यंगार पद्धतीची आसने ही त्यांनी एकत्र आणली. त्या पद्धतीत पट्टे, विटा, खुर्च्या व दोर ह्यांचा आधार देतात, म्हणून ज्याचे शरीर दारूने पोखरले आहे, असा माणूसही आसनात स्थिर राहू शकतो. २००९ साली फादर परेरांस पद्मश्री मिळाली. योग अमुक धर्माचा म्हणून नाक मुरडणारांनी, आणि त्याच कारणास्तव छाती फुगविणारांनीही, ह्या उदाहरणाचा शांतपणे विचार करावा.

दुसरे उदाहरण पुण्याचे. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे केंद्र सुरू झाले. डॉ. अनिता अवचट ह्या मनोविकारतज्ज्ञ, त्यांचे पती अनिल अवचट लेखक, आणि पाठीशी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे ह्यांचे द्रव्यसाहाय्य. मनोविकारांच्या वैद्याने चालविलेल्या ह्या घरात औषध आहे, समुपदेशन आहे, गटात बसून मन मोकळे करणे आहे. आणि त्याबरोबरच योग, व्यायाम व संगीतही आहे. शिवाय पत्नींकरिता 'सहचरी' हा निराळा गट आहे. कारण पिणाऱ्याचे शरीर झिजते त्याप्रमाणे त्याची वाट पाहणारीचेही झिजते, हे तेथे ओळखले आहे. डॉ. अनिता १९९७ साली व अनिल अवचट २०२२ साली गेले. घर चालूच आहे.

शास्त्राचा पुरावा किती, हेही सांगणे प्राप्त आहे. बंगलोरच्या निम्हान्स संस्थेतील एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. साठ दारूग्रस्तांवर प्रथम आठवडाभर वैद्यकीय उपचार करून दारू उतरविली. मग त्यांपैकी काहींस दोन आठवडे तालबद्ध श्वसनक्रिया दिली. त्यांची उदासीनता इतरांपेक्षा अधिक उतरली, आणि रक्तातील ताणाचे स्रावही कमी झाले. ह्यावरून दारू जन्माची सुटते असे सिद्ध झाले काय? नाही. दोन आठवड्यांत ते सिद्ध व्हावे तरी कसे? परंतु क्रम पाहा: आधी वैद्य, मग श्वास, आणि दोन्ही एकाच छपराखाली. ह्याहून अधिक आम्हीही मागत नाही.

येथे किनाऱ्यावरचा चाणाक्ष वाचक आम्हांस अडवील. तो म्हणेल, 'शरीर हलविल्याने व्यसन सुटत असते, तर रापण ओढणाऱ्याइतके शरीर कोण हलवितो? मग तो का पितो?' आक्षेप बिनतोड आहे, आणि म्हणूनच आम्हांस प्रिय आहे. दोन रांगांनी दोर धरून, एका लयीत मागे सरकत, समुद्रातून जाळे ओढणाऱ्या माणसांचे दृश्य ज्याने पाहिले, त्यास सामुदायिक हालचालीचे सामर्थ्य निराळे सांगणे नलगे. परंतु ते श्रम होत, उपचार नव्हेत. श्रमाने अंग मोडते आणि मोडलेल्या अंगाचा मोबदला म्हणून बाटली पुढे येते. वर्षानुवर्षे श्रम व दारू ह्यांची गाठ एकाच दोरात पडलेली असते. उपचाराची हालचाल ती, जिच्यात माणूस आपल्या श्वासाकडे व स्नायूंकडे लक्ष देण्यास शिकतो, जी त्याच्या ताकदीप्रमाणे ठरविलेली असते, आणि जी संपल्यावर हाती पेला येत नाही, तर समोर एक जाणता माणूस येऊन विचारतो, 'आज अंगात कोठे दुखले, आणि मनात काय आले?' ह्या प्रश्नावाचून केलेला व्यायाम म्हणजे निव्वळ घाम.

आणखी एक आक्षेप पैशाचा. गरीब जिल्ह्यास हे चोचले कसे परवडणार? आमचा उलट प्रश्न असा की, तोच रोगी पुन्हा पुन्हा खाटेवर येऊन पडतो, हे कसे परवडते? एक खोली, काही सतरंज्या आणि एक शिकलेला शिक्षक, एवढाच नवा खर्च आहे. बाकीची सामग्री ह्या भूमीत विपुल आहे. चतुर्थीला रात्र रात्र फुगडी घालणाऱ्या बायका, टाळ धरून उभे राहणारे भजनी, रात्रभर युद्धनृत्य करणारे दशावतारी, ह्यांच्या प्रदेशास लय उसनी आणावी लागत नाही. उणीव आहे ती त्या लयीशेजारी मनाच्या वैद्यास बसविण्याची.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. ओरोसच्या सरकारी इस्पितळापासून आरंभ करून, जेथे जेथे दारू उतरविण्याचा उपचार होतो तेथे तेथे शरीराचा शिक्षक मनोविकारतज्ज्ञाच्याच मंडळीत असावा. त्याने रोगी पाहावा, टिपण ठेवावे, आणि घरी गेलेल्या रोग्यास निदान वर्षभर संध्याकाळच्या घटकेस बोलवावे. उलटपक्षी, कोणत्याही योगशिबिराने डॉक्टरांच्या तपासणीवाचून पिणाऱ्या माणसास घेऊ नये, आणि चाललेले औषध स्वतःच्या अधिकारात बंद करू नये. भजनी मंडळांनी आठवड्यातून एक तरी बारी अशी ठेवावी, की जिच्या मागेपुढे बाटली फिरकणार नाही. आणि सुशिक्षित कुटुंबांनी लाज सोडावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारूच्या अतिरेकातून उद्भवणाऱ्या मनोवस्था मानसिक आजारांत गणिल्या आहेत. कायद्याने जे आजार म्हटले, त्यास आपण अजून कुळाचा कलंक म्हणून माजघरात कोंडावे काय?

तो गृहस्थ अद्याप आहे. परवा तो आम्हांस बंदरावर दिसला. सूर्य मावळत होता, आणि तो पाण्याकडे तोंड करून नुसताच उभा होता. त्याच्या प्रश्नास आजतागायत कोणी उत्तर दिलेले नाही. ते एकट्या भजनाने देता येत नाही, एकट्या चिठ्ठीने तर नाहीच. दोघांनी मिळून ते द्यावयाचे आहे, आणि रोजची तिन्हीसांज काही आमच्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबणार नाही.