‘जिभेवर ताबा ठेवा’ म्हणून वजन उतरत नाही

“जिभेवर जरा ताबा ठेवा आणि सकाळी चालायला जा.” सरकारी नोकरीत हे वाक्य मी किती जणांना सुनावलं असेल, याची मोजदाद नाही. त्यातली एक बाई मात्र लक्षात राहिली.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका तालुक्यात होतो. चाळिशीची बाई, वजन ८४ किलो, रक्तातली साखर वाढलेली. ओपीडीत गर्दी होती. मी रांगेसमोरच तिला झापलं. ती मान डोलावून गेली आणि दीड वर्ष फिरकली नाही. परत आली ती पायाला चिघळलेली जखम घेऊन. साखर ४०० च्या वर. पायाचं एक बोट काढावं लागलं. “मधे का आला नाहीत?” असं विचारल्यावर म्हणाली, “वजन उतरलं नव्हतं, डॉक्टर. तुमी परत वरडला असता.”

लठ्ठपणा हा माणसाचा दोष की परिस्थितीचा, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला. आज माझं मत असं आहे: काय खायचं, किती हलायचं हे माणूस ठरवतो हे खरं, पण त्याच्यापुढे पर्याय किती आहेत, हे बहुतेक वेळा त्यानं ठरवलेलं नसतं.

सुरुवात जन्माच्याही आधी होते. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या ५४० जणांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठेपणी त्यांची शरीरयष्टी जन्मदात्या आईवडिलांशी जुळत होती. ज्यांच्या घरी ते वाढले, जेवले, त्या पालकांशी ती जुळत नव्हती.

आपल्याकडचं उदाहरण तर अधिक बोलकं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्मवेळचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हडकुळी होती, त्यांचे स्नायू कमी होते. पण कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन यडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मोजमापं छापली. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. मात्र यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. यात कुणाच्या जिभेचा दोष?

यावर कुणी म्हणेल, अनुवंश आणि गर्भ हे पूर्वीही होतेच. मग लठ्ठपणा आत्ताच का वाढला? प्रश्न रास्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात जादा वजनाच्या किंवा लठ्ठ महिलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे २१ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये २४ टक्के झालं. पुरुषांचं १९ वरून २३ टक्क्यांवर गेलं. एवढ्या अवधीत जनुकं बदलत नाहीत, आणि कोट्यवधी माणसं एकाच वेळी आळशी आणि खादाडही होत नाहीत. बदलतो तो भोवताल.

तो आपल्या ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर) परिसरात डोळ्यांनी दिसतो. विहिरीवर मोटर आली, घरात मिक्सर आला, दारात दुचाकी आली. हे सगळं हवंच होतं. त्यानं कष्ट वाचले. पण अंगमेहनत गेली तरी ताटाचा आकार तोच राहिला. भाकरीची जागा अनेक घरांत चपाती आणि भातानं घेतली. कारखान्याच्या सभासदाला सवलतीची साखर मिळते, आणि आल्यागेल्याला चहा न पाजणं हा आपल्याकडे अपमान. शाळेच्या दारात पाच रुपयांत फरसाणाची पुडी मिळते. केळं-पेरू घ्यायचा तर जास्त पैसे मोजावे लागतात. चालायला जावं, तर गळीत हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. आणि पहाटे एकट्या सुनेनं चालायला निघायचं म्हटलं की घरातून ऐकू येतं, “रानात काय काम कमी हाय व्हय?”

“शेजाऱ्यानं मनावर घेतलं आणि वीस किलो घटवले,” असंही लोक सांगतात. असे लोक आहेत आणि त्यांचं कौतुकच आहे. पण घटलेलं वजन टिकवणं हे शरीराशीच भांडण असतं. अमेरिकेत वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतील १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं गेलं. तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांचं बरंच वजन परत आलं होतं. शिवाय त्यांचं शरीर विश्रांतीच्या वेळी अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. आपल्याकडे ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद घरोघरी रंगला. दोन्ही मार्गांनी फायदा झालेले लोक मला भेटतात. पण कधी आणि काय जेवायचं हे स्वतः ठरवता येणाऱ्यासाठीच तो वाद आहे. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं संपवणाऱ्या बाईला त्यातला कुठला पर्याय मोकळा आहे?

याची दुसरी बाजूही मी पाहतो. “आमच्या खानदानातच आहे, डॉक्टर,” म्हणून हात वर करणारेही येतात. परिस्थितीला दोष देऊन गोळ्या बंद करणाऱ्याचं नुकसान मी झापलेल्या त्या बाईइतकंच होतं. वजनाच्या ५ ते १० टक्के जरी उतरले, तरी साखर आणि रक्तदाब यांवर चांगला परिणाम होतो. ८४ किलोच्या माणसाला त्यासाठी ६० किलोवर यावं लागत नाही; चार-पाच किलोही उपयोगी पडतात.

म्हणून मी आता प्रश्न बदलले आहेत. घरात माणसं किती आणि महिन्याला गोडेतेल किती लागतं? चहा दिवसातून किती वेळा? झोप होते का? वजन वाढवणारी एखादी गोळी चालू आहे का? उत्तरांतून एखादी गोष्ट अशी निघते, जी त्या घरात बदलता येते. कधी चहातली साखर, कधी तेलाचा डबा. सासूबाई सोबत आल्या असतील तर त्यांनाही खुर्ची देतो, कारण तेल त्याच ओततात. वजन रांगेसमोर मोठ्यानं सांगत नाही. आणि “वजन उतरलं नाही तरी तारखेला यायचंच,” हे प्रत्येकाला बजावतो.

बाकीचं काम दवाखान्याबाहेरचं आहे. पहाटे आणि संध्याकाळी दिवे असलेलं एखादं मैदान, बायकांना निर्धास्त चालता येईल असा रस्ता, शाळेच्या दारात पुड्यांऐवजी फळं, आणि गरोदर मुलीच्या ताटात पुरेसं अन्न. हे नगरपालिका, ग्रामपंचायत, शाळा आणि आपलं घर यांच्या हातात आहे. ते होत नाही तोवर एकट्या माणसाला काट्यावर उभं करून जाब विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही. मला तर नाहीच.